बंद पडलेल्या कंपनीच्या चिपमधलं फर्मवेअर काढावं का?

प्रश्न: रत्नागिरीत मी इलेक्ट्रॉनिक बोर्डांची दुरुस्ती करतो. मिरकरवाड्यातल्या एका बर्फ कारखान्याचा कंट्रोल बोर्ड मरायला टेकलाय. बनवणारी कंपनी बंद झाली. त्यावरची एसटीएम३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप लॉक आहे, म्हणजे आतला प्रोग्राम वाचता येत नाही. व्होल्टेज ग्लिचिंग करून, म्हणजे चिपच्या वीजपुरवठ्याला क्षणभर झटका देऊन लॉक चुकवून, फर्मवेअर (बोर्ड चालवणारा चिपमधला प्रोग्राम) काढलं तर गुन्हा होईल का? आणखी दहा जणांना असेच बोर्ड हवे आहेत.

उत्तर: एका बोर्डाला कायद्यात आधार आहे, दहांना नाही. कंपनी बुडाली म्हणून कॉपीराइट बुडत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए)नुसार प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला मूळ कामापुरता बॅकअप घेता येतो. हा बाळगणारा म्हणजे कारखानदार, तुम्ही नव्हे. तुम्ही त्यांच्या वतीने काम करताय, हे कागदावर हवं. कोर्टात यावरही वाद घालता येईल, पण कागदाशिवाय तुमच्याकडे बाजूच नाही.

त्याच कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५ए नुसतं लॉक तोडण्याला शिक्षा देत नाही. हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र दुसऱ्याला लॉक तोडायला मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता, ओळख आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायची, अशी अट तिथेच आहे. दुरुस्तीवाले नेमकं हेच करत नाहीत. मालकाची लेखी परवानगी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ साठीही लागतेच.

परवानगीच्या पत्रात बोर्डाचा अनुक्रमांक, चिपचा पूर्ण नंबर आणि उद्देश लिहा, खरेदीचं बिल जोडा. बिलामागच्या अटीही वाचा. 'चिप निकामी होऊ शकते, हे मान्य' ही ओळ विसरू नका. झटक्याची वेळ चुकली तर बहुतेकदा चिप नुसती रिसेट होते. पण ऑप्शन बाइट्सना (लॉकची सेटिंग ठेवणाऱ्या जागेला) हात लागून संरक्षण पातळी १ (लॉक) वरून ० (खुली) वर गेली, की फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवणारी मेमरी, आपोआप पुसली जाते. मग बॅकअपही नाही आणि बोर्डही नाही. भरपाई तुमच्याकडे मागतील. म्हणून आधी त्याच नंबरच्या कोऱ्या चिपमध्ये स्वतःचा प्रोग्राम घालून सराव करा.

डंप, म्हणजे चिपमधून काढलेली फर्मवेअरची फाइल, मिळाला की त्याच दिवशी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) नोंदवा. डिजिटल पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लागतो. तो डंप भरलेली नवी चिप चालू झाली की जुनी पाकिटात सील करून मालकाला द्या. दोन्ही एकदम चालवल्या तर तो बॅकअप राहत नाही.

तेच फर्मवेअर दहा बोर्डांत घालाल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. जाणूनबुजून ते वापरणारं गिऱ्हाईकही कलम ६३बी मध्ये सापडतं. त्यांच्यासाठी प्रोग्राम नव्याने लिहून घ्या. कॉम्प्रेसर किती तापमानाला सुरू-बंद होतो, अलार्म कधी वाजतो, हे चालत्या बोर्डावर पाहून टिपायला त्याच कायद्याचं कलम ५२(१)(एसी) मोकळीक देतं. फक्त लिहिणारा माणूस दुसरा हवा. डंप उघडून पाहिलेला नको.