बाप होण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचला. घरचे ‘पाळणा कधी हलणार’ म्हणून मागे लागलेत, बायकोचंही मन झालंय, आणि तुझं अडलंय ते एकाच जागी: वडिलांचा तो राग माझ्यातही असेल तर? फ्लॅटचे हप्ते आणि शाळेची फी तू दोन ओळींत उरकलीस, मीही तिथे रेंगाळत नाही. हप्ते फेडता फेडताच पुण्यातली बहुतेक पोरं वाढतात.

रागाचं मात्र नीट बोलू. घरात वर्षानुवर्षं पाहिलेलं अंगवळणी पडतं, हे खरं. पण अंगवळणी पडलेलं मोडता येतं, सुरुवात मूल यायच्या आधी करायला हवी. हिंजवडीहून निघून बायपासच्या गर्दीत अडकून तू घरी पोचतोस, तेव्हा बूट काढता काढता तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं? बायकोला विचार. ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐक. तान्हं मूल चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं आणि कधीकधी कारण न कळता तासन्‌तास रडतं. पहाटे तीनला तुझं डोकं फिरलं तर काय करायचं हे आजच ठरव. बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, खोलीबाहेर यायचं, पाणी प्यायचं, दुसऱ्या कुणाला तरी उठवायचं. रागाच्या भरात तान्ह्याला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. होणाऱ्या बापांना हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी इतकं स्पष्ट लिहितोय.

आता दुसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बायको साताऱ्याला जाते, नवरा शनिवारी रात्री पोचतो, बाळाला जरा मांडीवर घेतो, फोटो काढतो, रविवारी संध्याकाळी परत. बारशाला पेढे वाटतो. तीन महिन्यांनी दोघं पुण्याला येतात तेव्हा आईला नुसत्या रडण्यावरून भूक आहे की झोप हे कळतं, आणि बापाला लंगोटाची गाठही मारता येत नाही. मग तो ‘मदत करणारा’ होतो, आणि तसाच राहतो. रीतीवर माझा राग नाही. बाळंतिणीला आईच्या हातची खीर, अळिवाचे लाडू मिळायलाच हवेत. पण तू तिकडे राहायला जा, नाहीतर सासूबाईंना इकडे बोलवा. मान सावरून बाळाला उचलणं, खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे करूनच येतं, आणि पहिल्या दिवसांत सगळ्यात लवकर येतं.

त्यासाठी रजा लागेल. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला पहिल्या दोन मुलांसाठी 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत आईला पहिल्या दोन बाळंतपणांना 2017 च्या कायदादुरुस्तीपासून 26 आठवडे मिळतात, बापासाठी तसा कायदा नाही. कंपनी काय देते ते बघ आणि बाकीची रजा आतापासून साठव.

तिथे तुझं काम काय, तेही सांगतो. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. दहाव्या हिश्शापर्यंत उतरू शकतं, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. हे ठाऊक नसलं की कुणीतरी म्हणतं, ‘दूध पुरत नाही गं हिचं’, आणि पावडरचा डबा उघडला जातो. पाचव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा लंगोट ओले होतात का, हे मोजणारा माणूस तू हवास. शंका आली तर डॉक्टरांना विचारणाराही तूच. आणि बायको दोन आठवड्यांनंतरही रडवेली, हरवलेली दिसली तर ‘बाळंतपणात होतं असं’ म्हणून सोडू नकोस. तिला डॉक्टरांकडे ने.

चांगला बाप पाहिलाच नाही, शिकू कुणाकडून, असं तू लिहिलंस. जोतिराव फुल्यांना शाळा चालवतात म्हणून वडिलांनीच घराबाहेर काढलं होतं, तेही सावित्रीबाईंसह. त्याच जोतिरावांनी 1863 मध्ये याच पुण्यात विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, आणि अशाच एका विधवेच्या यशवंतला स्वतःचा मुलगा म्हणून वाढवलं. यशवंत डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्यासोबत रुग्णांच्या सेवेत होत्या. वडिलांकडून जे मिळालं नाही ते मुलाला देता येतं, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

दोघांचं ठरलं तर आधी दोघंही डॉक्टरांकडे जा. तिला फॉलिक अॅसिड दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हवं. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यासाठी दोघांची रक्ततपासणी करून घ्या. सिगारेट तू आजपासून बंद कर.

आणि विचार करून तुझं उत्तर ‘अजून नाही’ असं आलं, तर तेही तिला समोर बसून सांग: किती दिवस हवेत, आणि तेवढ्यात तू स्वतःत काय बदलणार. घरच्यांना काय सांगायचं ते मग दोघं मिळून ठरवा. तिला मात्र टोलवत ठेवू नकोस.