बेटांवरच्या विस्थापित स्त्रियांचा अभ्यास करून पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार.

श्रीवर्धनहून आलेल्या पत्रात आपण कळवले आहे की, आपली मुलगी भूगोल घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बँकेच्या परीक्षांना बसण्याऐवजी, नैसर्गिक आपत्तीमुळे बेटांवर घरदार सोडावे लागलेल्या बायकांचे पुढे काय होते, याचा अभ्यास करण्याचे तिने मनात घेतले आहे आणि ‘असल्या विषयाला नोकरी कोण देणार’ ही आपली चिंता आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात घराचे पत्रे उडाले, पण घराचा उतारा मयत सासऱ्यांच्या नावावर असल्यामुळे तिच्या विधवा आत्याला मदतीसाठी महिनोन्महिने खेपा घालाव्या लागल्या, हे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वाक्यात आहे.

आत्याची अडचण श्रीलंकेत फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तिथल्या सरकारने किनाऱ्यापासून काही भागांत १०० आणि काही भागांत २०० मीटरपर्यंत पुन्हा घर बांधायला मनाई केली आणि लोकांना आत हलवले. पूर्वेकडच्या बट्टिकलोआ भागातील तमिळ आणि मुस्लिम समाजांत लग्नात मुलीच्या नावे घर करून देण्याची आणि जावयाने त्या घरी राहायला येण्याची जुनी रीत आहे. परंतु पुनर्वसनाच्या अर्जावर ‘कुटुंबप्रमुख’ असा एकच रकाना होता आणि त्यात बहुधा पुरुषाचे नाव पडत असे. त्यामुळे समुद्राने नेलेले घर बायकोचे असले, तरी बदल्यात मिळालेले घर अनेक ठिकाणी नवऱ्याच्या नावावर चढले. पुढे नवऱ्याने सोडले किंवा घर विकायला काढले, तर तिच्या हाती काय उरले, याचा विचार तो अर्ज छापणाऱ्याने केलेला नव्हता.

त्याच लाटेने सुमात्रा बेटावरील आचे प्रांतात काय केले, तेही मुलीला वाचायला सांगा. ऑक्सफॅम या संस्थेने २००५ मध्ये आचे बेसार जिल्ह्यातील ४ गावांची पाहणी केली, तेव्हा वाचलेल्या ६७६ जणांत स्त्रिया अवघ्या १८९ होत्या. तो रविवार होता. मासेमारीला गेलेले पुरुष खोल पाण्यात होते, जिथे त्सुनामीची लाट होडीखालून जवळजवळ न कळत निघून जाते. बायका मात्र किनाऱ्यालगतच्या घरांत, लेकरे कडेवर घेऊन होत्या आणि पोहायला किंवा झाडावर चढायला शिकलेले होते ते मुलगे. वाचलेल्या थोड्या स्त्रियांवर विस्थापितांच्या वस्तीत विधुरांच्या घरकामाचा बोजा पडेल आणि मुलींची लग्ने लवकर उरकली जातील, ही भीती त्या वेळीच व्यक्त झाली होती. हे सारे कळले, कारण कोणीतरी गावात जाऊन बायका आणि पुरुष वेगवेगळे मोजले. आपण ज्याला ‘असला विषय’ म्हणता, त्यातली नोकरी ती हीच, मोजणी करणाऱ्याची. मदत शिबिरात माणशी किती शौचालये हवीत, याचे जगभर मान्य झालेले किमान निकष आहेत: २० जणांमागे १, आणि स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट. त्या शौचालयाला आतून कडी आहे का, वाटेवर रात्री दिवा असतो का, हे पाहून अहवाल लिहिणे हे पगारी काम आहे.

आता शिक्षणाविषयी. केवळ स्त्री-अभ्यासाची पदवी घेऊन या क्षेत्रात शिरणे अवघड जाते, असे माझे मत आहे. त्या विभागांतील मित्रमैत्रिणींना ते रुचत नाही, तरी मी ते बदललेले नाही. आधी हाताला एक पक्के कसब हवे आणि स्त्रीप्रश्नाची नजर त्यावर चढावी. मुंबईत देवनारला दोन संस्था अगदी शेजारी आहेत. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. तिथे लोकसंख्या अभ्यासात एम. ए. केल्यास मोजणीचे शास्त्र अंगी येईल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, तर पुद्दुचेरी विद्यापीठाच्या पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताच्या श्री विजयपुरम, येथील केंद्रातही तो विषय आहे. मुलीला आकड्यांची भीती नसेल, तर मी पहिली संस्था सुचवीन. प्रवेशाचे नियम दर वर्षी सूचनापत्रातच पाहावेत. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

उत्पन्नाबाबत आपल्याला अंधारात ठेवणे बरे नव्हे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांची पदे बहुतांशी कंत्राटी आहेत आणि स्वयंसेवी संस्थांतील कामही प्रकल्पागणिक, दोन-तीन वर्षांच्या बोलीवर मिळते. बँकेची शाश्वती इथे नाही. मात्र सर्वेक्षण, नकाशे तयार करण्याची संगणक-प्रणाली आणि जमिनीच्या नोंदी या तिन्ही गोष्टी येणारी व्यक्ती फार काळ रिकामी बसलेली मी तरी पाहिलेली नाही.

मुलगी एकटी निकोबारला जाईल, या धास्तीने आपली झोप उडाली आहे. तूर्त निश्चिंत असा. तो आदिवासींसाठी राखीव प्रदेश असून १९५६ च्या नियमावलीनुसार प्रशासनाच्या परवान्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही आणि विद्यार्थ्याला तो परवाना संस्थेच्या पाठबळाखेरीज मिळणे कठीण असते. शिवाय भाषा यावी लागते. तिथले ‘तुहेत’ म्हणजे नारळाच्या बागा आणि डुकरे सामाईक असलेले मोठे कुटुंब, आणि त्सुनामीनंतरची भरपाई मात्र नवरा-बायको-मुले एवढ्याच कुटुंबाला धरून वाटली गेली. हा घोळ समजायलाच एखाद्याला काही वर्षे लागतील.

तोपर्यंत तिने या सुट्टीत ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ ची, म्हणजे घरांच्या कर-आकारणीची, नोंदवही पाहण्याची परवानगी मागावी. निसर्गमध्ये पडझड झालेल्या आपल्या आळीतील घरांपैकी किती घरे बाईच्या नावावर, किती जोडनावावर आणि किती मयत व्यक्तीच्या नावावर आहेत, याचा साधा तक्ता करावा. मदतीची रक्कम कोणाच्या खात्यात गेली, हे घरोघरी विचारून त्याच्या पुढच्या रकान्यात लिहावे. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीची वेळ आली, तर हा तक्ता सोबत न्यावा. सुरुवात आत्याच्या घरापासून करावी, आणि तो उतारा अजूनही सासऱ्यांच्याच नावावर असेल, तर वारसनोंदीचा अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक