वडिलांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे, गुंतागुंतीचा धोका कशामुळे वाढतो?

वडील ६४ वर्षांचे, सातपूरच्या कंपनीतून निवृत्त, विडीची सवय आणि शुगर, असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या वयाला घाबरू नका. फुप्फुसं आणि अंगातली ताकद कशी आहे, यावर जास्त अवलंबून असतं.

न्यूमोनिया फार त्रास देतो. छाती-पोटाच्या टाक्यांमुळे खोल श्वास घेववत नाही, खोकवत नाही, कफ साचतो. म्हणून विडी आजच बंद. ऑपरेशनआधी निदान ४ आठवडे तरी मिळायला हवेत. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, आत्ताच आणा. बरेच जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, तोंडाने हळूहळू हवा आत ओढून चेंडू वर धरायचे. दात-हिरड्याही दाखवून घ्या, तोंडातले जंतू फुप्फुसात उतरतात. झेपेल तसं रोज गोदापार्कला चालवा.

दुसरी भीती जोड गळण्याची. अन्ननलिकेचा कॅन्सरचा भाग काढून त्या जागी जठराची नळी करून वर जोडतात, तिच्या टोकाला रक्त आधीच कमी पोचतं. त्यात तंबाखू, वाढलेली शुगर, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि कुपोषण यांची भर पडली की जोड भरायला वेळ लागतो. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. गिळता येत नसेल तर नळीने आहार देऊन आधी ताकद भरून काढतात.

आणि सर्जनना न संकोचता विचारा, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? जिथे ही नेहमी होतात तिथे धोका कमी असतो. त्यासाठी मुंबईला जावं लागलं तरी जा.