मुंबई–न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जाताना जास्त तास का?

अंतर १२,५०० किलोमीटर, विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे चौदा तास. मग आईबाबांच्या तिकिटावर जाताना साडेपंधरा आणि येताना चौदा असं का, हा तुमचा प्रश्न. शिवाय रात्री १.३० ला निघून त्याच तारखेला सकाळी ७.३० ला पोचणार, हे छापण्यात चुकलंय का?

चुकलेलं नाही. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. मोजा, बरोबर साडेपंधरा तास भरतात. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ मागे घेतात, मग मार्चपर्यंत फरक साडेदहाचा.)

जाण्यायेण्यातल्या फरकाचं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वाऱ्याचा जोरदार झोत, वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. वैमानिक येताना त्याच्यावर स्वार होतात, जाताना शक्य तेवढं त्याला चुकवतात. समोरच्या स्क्रीनवर जमिनीच्या हिशेबातला वेग दिसतो. जाताना मी तो ८०० च्या खाली बघितलाय, येताना १,००० च्या वर.

आता ते १२,५००. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवलीत तर रेघ अरबस्तान, सहारा करत जाते. ती विसरा. मुलांचा पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वेवरून चढत आइसलँडच्या दक्षिण भागावरून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी जातो. सर्वांत जवळची वाट ती. पण विमानाला ती मिळेलच असं नाही. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं; एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. वळसा आला की तास वाढले. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, धावपट्टीसाठी रांगेत उभं राहणंही त्यातच. म्हणून अंतरावरून वेळ काढायच्या भानगडीत पडू नका, तिकीट बघा.

दुबईवरून नेलंत तर वळसा फार पडत नाही, हे अनेकांना खरं वाटत नाही. मुंबई–दुबई १,९०० च्या आसपास, पुढे ११,०००. म्हणजे जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. वेळ खातो तो मधला मुक्काम. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणताय, तर मी थेट विमानच घेईन. थांबा घेतलात तर निदान तीन तासांचा घ्या आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

आणि तारीख! १२ तारखेचं रात्री १.३० चं विमान म्हणजे ११ तारखेला जेवून घरातून निघायचं. आमच्या मावशीच्या वेळी हे बजावायचं राहून गेलं. मी इकडे न्यूयॉर्कच्या विमानतळावर तासभर ताटकळलो, शेवटी घरी फोन लावला. मावशी बेसनाचे लाडू वळत होती. म्हणाली, "अरे, आज रात्रीचंच आहे ना विमान?"