हरभऱ्यात कोष, तुरीत का नाहीत?

प्रश्न : हरभऱ्याच्या पानांवर तांदळाच्या दाण्याएवढे, काळे ठिपके असलेले करडे कोष दिसतात. शेजारच्या तुरीतही घाटे अळीच आहे, पण तिथे एकही कोष नाही. असं का? ट्रायकोकार्ड लावू का?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : भाऊ, ते कोष खुडू नका. हे कॅम्पोलेटिस क्लोरिडी या माशीचं काम. गांधीलमाशीच्या गोतातली, काळपट, सडपातळ. माणसाच्या वाटेला जात नाही. कोवळ्या घाटे अळीच्या अंगात ती एकच अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला पोखरत वाढतं आणि आठवडा-दीड आठवड्यात बाहेर पडून कोष विणतं. कोषापाशी नीट बघा, अळीचं रिकामं कातडं चिकटलेलं सापडेल.

ही माशी निवडून घेते. दुसऱ्या अवस्थेतली, जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची अळी तिला सगळ्यात पसंत. मोठी झालेली अळी अंग झटकते, तिच्या नादी ती सहसा लागत नाही. हरभऱ्यात लहान अळ्या पानांवर उघड्या खरवडत असतात, म्हणून तिला लगेच सापडतात. तुरीत त्याच अळ्या फुलांत आणि शेंगांत शिरतात. शिवाय तुरीच्या शेंगांवरची चिकट लव लहान माश्यांना जाचते. कीड एकच, पण पीक बदललं की माशीचा शोध बदलतो, हे फवारणीचा सल्ला देणारेही विसरतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा ही चिमुकली मित्रमाशी आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, हरभऱ्यात लावू नका. पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरून आपण पोटदुखीसाठी पानांवरची आंब गोळा करतो ना, तीच आंबट आंब अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रायकोग्रामाला सोसत नाही. तुरीतही तिचं फारसं जमत नाही. ती कार्डं उसाच्या खोडकिडीसाठी ठेवा.

आता सकाळी शेतात जा आणि मीटरभर ओळीतल्या अळ्या मोजा. एक-दोनपेक्षा कमी असतील आणि कोष दिसत असतील, तर रासायनिक फवारणीला हात लावू नका. पुढच्या वर्षी हरभऱ्यात धण्याच्या ओळी टाका. त्या फुलांवर ही माशी मध खायला येते.

मी काही कोष डहाळीसकट बरणीत ठेवते, तोंडाला मलमलचं फडकं बांधून. आठवडाभरात माश्या निघाल्या की संध्याकाळी बरणी हरभऱ्यात नेऊन उघडते.