‘१०० एमबीपीएसपर्यंत’ यातला ‘पर्यंत’

समुद्रपूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे : गावच्या पानठेल्यावर ‘१०० एमबीपीएसपर्यंत वेग’ असा फलक पाहून त्यांनी इंटरनेटची जोडणी घेतली. वेग तीस-पस्तिसाच्या वर जाईना, म्हणून कंपनीला फोन केला, तेव्हा ‘पर्यंत लिहिले आहे ना, त्यात तीसही येतात’ असे उत्तर मिळाले. मराठीच्या दृष्टीने हे बरोबर आहे काय?

शब्दाला धरून बरोबर आहे; बोलण्याच्या रीतीला धरून नाही.

‘पर्यंत’ हा परि आणि अंत यांच्या संधीने झालेला संस्कृत शब्द असून त्याचा मूळ अर्थ कडा, हद्द, म्हणजे आपल्या शेतातला धुरा. ‘बैल धुऱ्यापर्यंत गेले’ असे म्हटले की धुरा गाठला गेला. ‘शंभरपर्यंत म्हण’ असे गुरुजींनी सांगितले की शंभर म्हटल्यावाचून पोराची सुटका नाही. वऱ्हाडीतला ‘लोक’ हेच काम करतो : ‘आतालोक वाट पायली’ म्हणणारा या क्षणाशी येऊन थांबलेला असतो.

परवानगीत मात्र अर्थ बदलतो. ‘पाचशेपर्यंत खर्च कर’ असे बापाने सांगितले आणि मुलाने दोनशेच खर्च केले, तर कोणी रागावत नाही, कारण तिथे हद्द पैसे देणाऱ्याने स्वतःसाठी घातलेली असते. कंपनीचे उत्तर याच अर्थावर उभे आहे. अडचण अशी की फलकावर परवानगी नसते, वचन असते, आणि तिथे पैसे देणारा ग्राहक आहे. वचनातल्या आणि अंदाजातल्या ‘पर्यंत’चा अर्थ मराठी माणूस ‘जवळजवळ तितके’ असाच घेतो. तेरवीच्या जेवणाला ‘दोनशेपर्यंत माणसे होतील’ असे आचाऱ्याला सांगितले, त्याने त्या हिशेबाने भात टाकला आणि पंगतीला साठच माणसे बसली, तर ‘मी पर्यंत म्हटले होते’ हे घरधन्याचे म्हणणे तो ऐकून घेईल काय? जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा इंग्रजी ‘अप टू’च्या जागी ठेवलेला आहे, त्याने तिथला कायदेशीर अर्थ आणला आणि इथला ऐकू येणारा अर्थ फुकटात वापरला.

खरे तर या बाबतीत कापूस विकणाऱ्या माणसाला शिकवण्याची गरज नाही. बाजार समितीच्या भावफलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, आणि कमाल दर पाहून कोणी गाडी भरत नाही. जोडणीच्या फलकावर फक्त कमाल दर लिहिलेला असतो, एवढाच फरक. सरकारी व्याख्येची भाषा याच्या नेमकी उलट आहे : ब्रॉडबँड म्हणजे किती वेग, हे ती ‘किमान’ने सांगते. २००४ मध्ये हा आकडा २५६ केबीपीएस, म्हणजे साधारण पाव एमबीपीएस, होता, २०२३ पासून तो २ एमबीपीएस आहे. म्हणजे व्याख्येला तळ आहे, जाहिरातीला छत आहे, आणि ग्राहकाचे तीस-पस्तीस या दोहोंमध्ये कुठेतरी लोंबकळतात.

(जाता जाता : एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा आहे, बाइटचा नव्हे, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे पूर्ण शंभराचा वेग मिळाला तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. फोनवर ‘१२ एमबी’ दिसले म्हणून लगेच भांडू नये.)

तेव्हा तक्रार करताना ‘पर्यंत’वर वाद घालू नये, त्या शब्दावर कंपनी हरणार नाही. राउटरला तार लावून तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ वेग मोजावा, आकडे लिहून ठेवावेत आणि विचारावे, ‘माझ्या जोडणीचा किमान वेग किती आणि सर्वसाधारण किती, ते लेखी कळवावे.’ तक्रार क्रमांक मात्र आठवणीने घ्यावा, कारण पुढे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचे झाल्यास तोच आधी विचारतात.