शोरूमच्या फॉर्मवर सही झाली, तरी बुकिंगचे पैसे सुटतात का?

तुमचा प्रश्न असा: २१ हजार भरून गाडी बुक केली, सेल्समनने तोंडी ऑन-रोड ९ लाख ४० हजार सांगितले, आता हातात आलेला प्रोफॉर्मा (विक्रीआधीचं कच्चं बिल) ९ लाख ९७ हजारांचा आहे, आणि नको म्हटलं तर ‘फॉर्मवर सही आहे, बुकिंग नॉन-रिफंडेबल’ असं उत्तर मिळतंय.

सुटतात. पण त्यासाठी एक गोष्ट आत्ता टाळा. ‘मला गाडी नको, पैसे परत द्या’ असं कुठेही लिहून देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा. शोरूमला तुमच्याकडून नेमकं तेवढंच हवं असतं. कॅन्सलेशनचा छापील फॉर्म पुढे सरकवतात, कारणाच्या रकान्यात ‘पर्सनल रीझन’ तेच भरतात, तुम्ही वैतागून सही ठोकता. झालं, सौदा तुम्ही मोडलात. मग बयाणा राखून ठेवायला त्यांच्याकडे निदान बोलायला तरी जागा राहते.

तुम्ही लिहायचं ते उलट: ‘९ लाख ४० हजारांना ठरलेली गाडी मला हवी आहे, पैसे तयार आहेत. त्या किमतीला देणार नसाल तर बुकिंगची रक्कम परत करा.’ आता सौदा कोण मोडतंय? १८७२च्या करार कायद्यात कलम ७४ आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी भरपाई वाजवी तेवढीच मागता येते आणि तीही करार मोडणाऱ्याकडून. शिवाय खोटी माहिती देऊन संमती घेतली असेल, तर तो करार रद्द करायचा हक्क फसलेल्या माणसाला कलम १९ देतं. ‘नॉन-रिफंडेबल’ छापल्याने या दोन्ही गोष्टी पुसल्या जात नाहीत.

आता ते ५७ हजार सुटे करा, कारण सगळे एका जातीचे नसतात. कंपनीने एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ-विमा सोडूनची किंमतच वाढवली असेल, तर तेवढ्या भागावर भांडू नका. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ ही अट जवळपास प्रत्येक फॉर्मवर असते आणि ती सहसा टिकते. गाडी १० लाखांच्या वर असती तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला कर) दिसला असता, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. भांडायचं ते बाकीच्यावर: हँडलिंग चार्जेस, ‘एसेन्शियल किट’, न मागितलेली वाढीव वॉरंटी, आणि विमा. विमा शोरूमचाच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही. तशा विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना आहेत. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतोच, स्वतःच्या नुकसानीचा मात्र १ वर्षाचा पुरतो. तिथे तीन वर्षांचं पॅकेज गळ्यात मारलंय का बघा. आरटीओच्या आकड्याची खातरजमा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या कराच्या पावतीवरून होते. पावतीपेक्षा जास्त लावलेला रुपया म्हणजे शोरूमचीच वरकमाई.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २०२२ साली, पाडव्याला गाडी दारात आणायची म्हणून आम्ही साताऱ्यात बुकिंग केलं. तेव्हा चिपच्या तुटवड्यामुळे गाड्यांना वेटिंग होतं, त्यामुळे शोरूमवाल्यांची मान भलतीच ताठ. सेल्समन पोरगा गोड बोलणारा, ‘ताई, ताई’ करत सरबत पाजणारा. दिराने खोदून विचारलं, ‘दादा, शेवटचा आकडा सांगा’, तेव्हा त्याने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहिलं: ‘ऑन रोड ८.९२ फायनल’. पाडव्याच्या दोन दिवस आधी डॉकेट, म्हणजे बिलाच्या नि सह्यांच्या कागदांची फाइल, आलं ८ लाख ९२ हजारांऐवजी ९ लाख ३८ हजार ४०० चं. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या, पानं उलटायचा वेग असा की वाचायला सवड मिळू नये. मी फाइल ओढून घेतली आणि ओळी मोजल्या. किट १८,५००, हँडलिंग ७,५००, वॉरंटी १२,४००, आणि विमा सांगितल्यापेक्षा ८,००० जास्त.

कर्ज मंजूर, पाहुण्यांना सांगून झालेलं, पाडवा २ एप्रिलला. त्यांनाही ते माहीत होतं. मी पैसे भरले, पण आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही प्रतींवर पेनाने लिहिलं: ‘किट, हँडलिंग, वॉरंटी व वाढीव विमा यांस हरकत कायम ठेवून रक्कम भरली.’ मॅनेजरचा चेहरा पडला. ‘मॅडम, असं लिहायची पद्धत नाही,’ म्हणाला. मी म्हटलं, न मागितलेलं किट लावायची तरी कुठे आहे? किटचं खोकं फोडू दिलं नाही. मॅट, मडफ्लॅप, कसलासा परफ्यूम, सगळं प्लॅस्टिकमध्येच डिकीत ठेवून गाडी घरी आणली.

पाडव्यानंतर पत्र पाठवलं, पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने, आणि तेच ईमेलने डीलरला व कंपनीच्या ग्राहक सेवेला. भाषणबाजी नाही. कोणत्या तारखेला कोण काय म्हणालं, कार्डाचा फोटो, चार आकडे, १५ दिवसांची मुदत. कंपनी हात झटकते, ‘डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे’ म्हणते, तरीही तिला प्रत पाठवावीच. डीलरला तिच्या तपासणीची धास्ती असते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी अकाउंट्समधून फोन आला. खोकं परत करून किटचे पैसे मिळाले, हँडलिंगचे मिळाले, वॉरंटी रद्द झाली. विम्याचे ८ हजार गेले ते गेले; प्रस्तावावर माझी सही होती आणि पॉलिसी चालू झालेली. त्यावर पुढे लढता आलं असतं, मला कंटाळा आला.

तुमच्याकडे असं कार्ड असेलच असं नाही. मग पुरावा आता तयार करा. आजच सेल्समनला आणि शोरूमच्या अधिकृत ईमेलवर लिहा: ‘अमुक तारखेला आपण ऑन-रोड ९ लाख ४० हजार सांगितलेत, त्यावर विसंबून मी २१ हजार भरले. प्रोफॉर्म्यात ५७ हजार जास्त आहेत, प्रत्येक रकमेचा तपशील लेखी द्यावा.’ सेल्समन बहुतेक ‘सर, शोरूमला या, बोलू’ एवढंच उत्तर देईल. तेही जपून ठेवा. आकडा खोटा असता तर त्याने आधी तो नाकारला असता. फोनवर काही बोलणं झालंच, तर दहा मिनिटांत त्याचा सारांश मेसेज करून टाका.

मुदतीत हलले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. वकील लागत नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, शोरूम दुसरीकडे असलं तरी. फी गाडीच्या किमतीवर नाही, तुम्ही प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर ठरते. ५ लाखांपर्यंत शून्य, म्हणजे तुम्हाला काहीच नाही. वाद उभा राहिल्यापासून २ वर्षांची मुदत असते.

तक्रार लिहिताना एक खुबी. कायद्यात ‘अनुचित करार’ अशी वेगळी व्याख्या आहे, ती वाचून मोह होतो. पण त्या मथळ्याखालच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात. जिल्ह्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ हेच शब्द वापरा, नाहीतर शोरूमचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढून तुम्हाला मुंबईला धाडायला बघेल. मसुदा दाखवून घ्यायचा असेल तर जवळच्या ग्राहक पंचायतीत जा, तिथली मंडळी अशा फॉर्मांना सरावलेली असतात.

कर्जही त्यांच्याच टेबलावरून घेणार होतात का? तर बँकेकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा खरा दर आणि खर्च दाखवणारा तक्ता, मागा; १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते बंधनकारक आहे. ‘साडेसात टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज, हे ऐकायला स्वस्त वाटतं; पाच वर्षांच्या कर्जाला घटत्या शिलकीवर तेच सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास पडतं.

आधी तो ईमेल पाठवा. कॅन्सलेशनचा फॉर्म घेऊन पोरगा घरी आला तर चहा पाजा, सही देऊ नका.